चिपीच्या मुळाखालचं भात

पंचमी होती. आमच्याकडे भरतीचा हिशेब अजून तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला भरती आणि दहाच्या सुमारास पुरी सुकती. मोबाईलवर भरतीचं कोष्टक असतं, मी ते बघतेही, पण होडीवाला दादा तिथी विचारूनच होडी काढतो आणि त्याचं सहसा चुकत नाही. साडेआठला आम्ही तिघं सिंधुदुर्गातल्या कालावल खाडीच्या आतल्या अंगाला लागलो. मागच्या डिसेंबरातली ही गोष्ट.

माझं काम खाडीतल्या कांदळवनात किती कार्बन साठलाय ते मोजायचं. वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर सहा वर्षं मी हेच करते आहे, करारावर. झाड काही वजनकाट्यावर घालता येत नाही. म्हणून सात मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखायचं, त्यातल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर घ्यायचा, उंची घ्यायची, जात लिहायची आणि समीकरणातून वजन काढायचं. कांदळ असेल तर त्याची आधारमुळंच पुरुषभर उंच जातात, मग सगळ्यात वरच्या मुळाच्या जरा वर टेप लावायची. हे झालं झाडांचं. पण कांदळवनाचा खरा ठेवा झाडात नसून चिखलात असतो. तिथे हवा पोचत नाही, त्यामुळे पडलेलं पान, मेलेलं मूळ धड कुजत नाही, शेकडो वर्षं तसंच राहतं. म्हणून एक मीटर लांबीची अर्धगोल पोलादी नळी चिखलात दाबायची, पिळायची आणि मातीचा गाभा अखंड वर काढायचा.

त्या दिवशीचं वर्तुळ उपग्रहाच्या चित्रावरून ठरवलं होतं. 2005 च्या चित्रात तिथे झाडं नव्हती. आताच्या चित्रात गच्च हिरवं होतं. आमच्या तक्त्यात अशा जागेपुढे ‘नवीन कांदळवन’ असं लिहायचं असतं. अशा जागा मिळाल्या की आम्हाला आनंद होतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तोडलेलं, भराव टाकून बुजवलेलं कांदळवन इतकं पाहिलंय की कुठे नव्याने उगवलेलं दिसलं की बरं वाटतं.

आत शिरलो. कांदळवनातल्या जातींपैकी चिपी जास्त, मध्ये मध्ये तिवर, कडेला मारांडीची काटेरी जाळी. झाडं तरुण, घेर मनगटापासून मांडीएवढे. मी तिसाव्या झाडाला टेप लावत होते तेव्हा पाय कशाला तरी अडखळला. चिखलात हात घालून चाचपलं तर दगड. एक नाही, रांगेने. सरळ रेषेत दहा-बारा हात दगड बसवलेले होते आणि त्यांच्यावरून चिपीची श्वसनमुळं खुंट्यांसारखी वर आली होती.

‘‘ती आमची मेर.’’ मागून आवाज आला. मेर म्हणजे शेताच्या हद्दीचा बांध.

कडेच्या उंचवट्यावर एक म्हातारे उभे होते. गुडघ्याच्या वर खोचलेलं धोतर, डोक्याला पंचा, हातात कुर्ल्या ठेवायची पाटली. ‘‘काय गे चेडवा, कसली मापा घेतंस? सरकारी काय?’’

मी देवगडची, त्यामुळे बोलायला अडचण नव्हती. झाडांचं माप घेतो, असं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘झाडांचा घी. पण हयसर आमचा भात पिकायचा, ता खय लिवतलंस?’’

मग त्यांनी, म्हणजे आबांनी, सगळं सांगितलं. त्यांच्या आजोबांनी आणि वाडीतल्या चार घरांनी मिळून खाडीला बांध घातला होता. माती आणि जांभा दगड डोक्यावरून वाहिलेला. पाणी आत-बाहेर करायला झापेची उघाडी. पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुऊन निघायचं आणि मग खारात भात व्हायचं. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. बांधाला खांड पडली. ‘‘दोन दिसांत खारा पाणी सगळ्या मळ्यात. आम्ही अर्ज केलव, मगे परत केलव. बघूक इले, फोटो काढल्यानी आणि गेले.’’ खांड पहिल्या वर्षी दोन हात होती, म्हणाले, आता तिच्यातून तुमची होडी येते. खरंच, आम्ही तिथूनच आत आलो होतो.

बांध नाही म्हटल्यावर भरतीबरोबर गाळ आला, गाळाबरोबर चिपीच्या बिया. तीन-चार वर्षांत रोपं गुडघ्याला लागली. तेव्हाच उपटली असती तर, असं आबा म्हणत नव्हते. त्यांना कायदा पक्का ठाऊक होता. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली राज्यभर मनाई केली, 2018 ला ती कायम केली, आणि जमीन कोणाच्या मालकीची आहे यावर ती अवलंबून नाही. ‘‘सातबारो माझ्या नावाचो. झाडांक हात लावलंय तर केस होतली.’’ हे त्यांनी चिडून सांगितलं नाही. पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. मला ते जास्त लागलं.

मग त्यांनी विचारलं, ‘‘पण ह्या माप होया कोणाक?’’

या प्रश्नाचं उत्तर मी बैठकांमध्ये पुष्कळदा दिलंय. चिखलात उभं राहून, ज्याची जमीन त्याला द्यायची वेळ पहिल्यांदाच आली. मी सांगितलं की हवेत कोळसा-तेलाचा धूर साठून उष्णता वाढते आहे, म्हणून 2015 साली पॅरिसला सगळ्या देशांचा करार झाला आणि प्रत्येक देशाने आपापला शब्द दिला. आपल्या देशाने तीन मोठी वचनं दिली. एक, शंभर रुपयांचं उत्पन्न काढताना जेवढा धूर 2005 साली होत होता तो 2030 पर्यंत तेहतीस ते पस्तीस टक्क्यांनी उतरवायचा. 2022 साली हा आकडा पंचेचाळीस टक्के केला. दोन, वीजनिर्मितीच्या क्षमतेतला चाळीस टक्के वाटा ऊन, वारा, पाणी, अणू अशा बिनधुराच्या साधनांचा करायचा. तोही पुढे पन्नास टक्के केला, आणि तेवढी क्षमता 2025 च्या जुलैत, मुदतीच्या पाच वर्षं आधीच गाठल्याचं सरकारने जाहीर केलं. आणि तीन, जास्तीची झाडं वाढवून हवेतला अडीचशे ते तीनशे कोटी टन कार्बन डायऑक्साइड झाडांत आणि मातीत मुरवायचा. 2021 पर्यंत दोनशे एकोणतीस कोटी टन मुरल्याचं आपण संयुक्त राष्ट्रांना कळवलंय. हा हिशेब 2005 पासूनचा.

‘‘दोन हजार पाच,’’ आबा म्हणाले. ‘‘तेव्हा हयसर भात व्हता.’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे ही झाडा जास्तीची.’’

त्यांना ते माझ्याआधी कळलं. मी सहा वर्षं ‘अतिरिक्त’ हा शब्द लिहिते आहे. एका माणसाची बुडालेली शेती त्या शब्दात बसू शकते, हे त्या क्षणापर्यंत मला सुचलं नव्हतं.

एवढ्यात माझ्या सोबत्याने नळी दाबायला घेतली होती. पहिली वीत सहज गेली. मग नळी अडली. आम्ही दोघांनी दांड्यावर वजन टाकलं, तशी ती कुरकुरत पुढे गेली आणि शेवटी पुन्हा लोण्यात सुरी जावी तशी. वर काढून आडवी ठेवली, सुरीने वरचा चिखल तासला, शेजारी मोजपट्टी लावली. आबा उकिडवे बसले.

गाभ्यात तीन रंग होते.

वरचा बावीस सेंटिमीटरचा थर राखाडी, मऊ, चिपीच्या केसांसारख्या मुळांनी विणलेला. त्याच्याखाली बावीसपासून पंचेचाळीसपर्यंत घट्ट, फिकट माती. तिच्यात गंजासारख्या तांबूस उभ्या रेघा. भातखाचरात पाणी चढतं-उतरतं, मुळाभोवती लोह गंजतं, त्याच्या या खुणा. सुरीच्या टोकाने मी एक ढेकूळ फोडलं तर आतून पेंढ्याचा चपटा तुकडा निघाला, करंगळीच्या पेराएवढा, पेर स्पष्ट दिसणारा. आबांनी तो उचलला, दोन बोटांत फिरवला. काही बोलले नाहीत.

आणि पंचेचाळीसच्या खाली काळं. कुजक्या अंड्यासारखा वास, तंतूच तंतू, मध्ये कालवाचं एक शिंपलं आणि तिवराच्या मुळाचा बोटभर तुकडा, अजून लाकडाचा पीळ राखून असलेला. म्हणजे आजोबांनी बांध घालण्याआधी इथे कांदळवनच होतं.

‘‘आजो सांगायचो,’’ आबा हळू म्हणाले, ‘‘तिवरा तोडून जमीन केली म्हणान. माका खोटा वाटायचा.’’

आम्ही चौघं तो गाभा बघत राहिलो. होडीवाला दादाही होडी सोडून आला होता. पाणी अजून वळलं नव्हतं.

आता इथे माझ्या कामाचा एक प्रश्न होता आणि तो लहान नव्हता. आमच्या पद्धतीत नमुने ठरलेल्या खोलीवर घेतात: शून्य ते पंधरा, पंधरा ते तीस, तीस ते पन्नास, पन्नास ते शंभर. चारही वाळवायचे, जाळायचे, कार्बन काढायचा, बेरीज करायची आणि त्या मीटरभर मातीचा सगळा साठा ‘नवीन कांदळवन’ या नावापुढे लिहायचा. तसं केलं असतं तर आबांच्या आजोबांच्याही आधीचा कार्बन 2009 नंतर उगवलेल्या झाडांच्या नावावर जमा झाला असता. नवीन होता तो फक्त वरचा बावीस सेंटिमीटरचा गाळ आणि झाडं. त्या गाळातलाही काही कार्बन नदीने वरून आणलेला असणार, तो इथल्या झाडांनी हवेतून ओढलेला नव्हे.

मी ठरलेल्या खोल्या सोडल्या आणि गाभा रंगांवर कापला. बावीसला एक, पंचेचाळीसला एक. पिशव्यांवर तसंच लिहिलं. सोबती म्हणाला, ताई, तक्त्यात बसणार नाही. मी म्हटलं, शेजारी दुसरा गाभा तक्त्याप्रमाणे काढू, पण हा असाच जाईल. दुसरा काढेपर्यंत अकरा वाजले आणि खांडीतून पाण्याची पहिली जीभ आत यायला लागली.

निघताना आबांनी आणखी एक विचारलं. आता कार्बनचे पैसे मिळतात असं त्यांनी ऐकलं होतं, तर ह्यो कार्बन कोणाचो? कार्बनच्या व्यापाराची योजना केंद्राने 2023 साली काढली हे मला माहीत होतं. पण बांध फुटून ज्याची शेती गेली त्याच्या जमिनीत आपोआप उगवलेल्या चिपीचं श्रेय कोणाचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि मी तसं सांगितलं. खोटी आशा लावायची नव्हती.

एक गोष्ट मात्र मी त्यांना स्पष्ट सांगितली, कारण ती न सांगणं लबाडी झाली असती. हे बन तोडून पुन्हा बांध घाला, असं मी कधीच लिहिणार नाही. खालचा काळा थर पाण्याखाली आहे तोवर शांत आहे. तो उघडा पडून वाळला की शेकडो वर्षांचा कार्बन हवेत जाईल. शिवाय उधाणाच्या लाटा आता या झाडांवर येऊन मोडतात, पलीकडच्या वाडीच्या विहिरी त्यामुळे वाचतात. आबा म्हणाले, ‘‘ता माका दिसता. कुर्ल्यो पण वाढल्यो. पण माझा भात गेला, ताव खरा.’’ दोन्ही खरं होतं. आमच्या तक्त्यात रकाना एकाच खऱ्याला होता.

कार्यालयात भट्टीत नमुने वाळायला दोन दिवस लागतात, साठ अंशांवर. त्याआधी शिंपल्याचे कण चिमट्याने वेचून काढावे लागतात, नाहीतर चुन्यातला कार्बन हिशेबात घुसतो. मी ते रात्री उशिरापर्यंत बसून केलं. आकडे आले ते अपेक्षेप्रमाणेच: काळ्या थरात सगळ्यात जास्त, गंजक्या थरात सगळ्यात कमी, वरचा मधे. तक्त्याप्रमाणे मीटरभराची बेरीज केली तर साठा भरघोस दिसत होता. नवीन तेवढंच धरलं तर निम्म्याहून पुष्कळ खाली.

वरिष्ठांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, नमुना सगळीकडे एकसारखा असावा लागतो नाहीतर तुलना होत नाही, असं म्हणाले. तेही चूक नाही. मग मी शेऱ्याच्या जागेत लिहिलं: ‘2009 मध्ये खारबंधारा फुटल्यानंतर भातजमिनीवर उगवलेलं बन. 22 सेंमीखाली भातजमीन, 45 सेंमीखाली बांधापूर्वीचं कांदळवन. खालचे दोन थर नवीन साठ्यात धरू नयेत. जमीन खासगी, मालकाचे उत्पन्न बंद.’ शेवटचे तीन शब्द खोडायला सांगितले गेले. मी खोडले नाहीत. अहवाल तसाच पुढे गेला.

देशाच्या दोनशे एकोणतीस कोटी टनांत कांदळवनाचा वाटा अगदी थोडा आहे, हे मला कळतं. सगळ्या देशात मिळून कांदळवन सुमारे 4,992 चौरस किलोमीटर. पण 2023 च्या वनस्थिती अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन बारा चौरस किलोमीटरहून जास्त वाढलेलं दाखवलंय. ती बातमी वाचली तेव्हा मी पेढे आणले होते. आता त्या बारा किलोमीटरांखाली किती मेरा आहेत, हे कोणीतरी नळी दाबून बघायला हवं असं वाटतं. जिथे बांध फुटून बन झालं, तिथल्या मालकाला त्याच हिशेबात जागा मिळायला हवी. जगाला दिलेला शब्द पाळताना त्याचा भार कोणाच्या सातबाऱ्यावर पडला, ते आपल्याच कागदावर दिसलं पाहिजे.

फेब्रुवारीत दुसऱ्या वर्तुळासाठी त्याच बाजूला जायचं होतं. गाभ्याचा फोटो मी मोठा करून छापून नेला, मोजपट्टीसकट, तिन्ही रंग नीट दिसतील असा. आबा पडवीत जाळं विणत बसले होते. फोटो हातात घेऊन त्यांनी आधी मधल्या थरावर बोट ठेवलं. मग विचारलं, ‘‘शिक्को खय?’’

शिक्का माझ्याकडे नव्हता. मी मागच्या बाजूला तारीख, ठिकाण, खोली लिहिली आणि सही केली. त्यांनी ट्रंक उघडली, सातबाऱ्याची प्लास्टिकची पिशवी काढली आणि फोटो अर्जांच्या प्रतींच्या वर ठेवला.