दोन पाणी

मांदेली साफ करायला घेतली की दुपार गेली समजा. खवले नखाने निघतात, डोकं मोडून ओढलं की पोटातलं त्याच्याबरोबर येतं, कठीण काहीच नाही. पण एका वाट्यात मासे किती असतात ते मोजायला बसू नये. परवा खिडकीतलं ऊन थेट परातीत पडलं म्हणून दिसलं: पोटाच्या कडेने, रांगेत, बारीक मोतिया ठिपके. आयुष्यभर खातोय, कधी नीट पाहिलं नव्हतं. ते म्हणे तिचे उजेड देणारे अवयव. गढूळ पाण्यात राहणारीने दिवे लावून फिरावं, हे मला पटलं.

धुण्याच्या बाबतीत मात्र मी हेकट आहे. दोन पाणी. तिसरं नाही. हे रेवदंड्याच्या आत्याचं. मागच्या पडवीत ती पाटावर बसून सुनेच्या हाताकडे बघत असायची आणि तिसऱ्यांदा तांब्या उचलला की ओरडायची, "अगं, चव धुतेस का मासा?" त्याहून मोठा तिचा दावा म्हणजे तळलेली मांदेली खाडीच्या तोंडाची की बाहेरच्या दर्याची, हे ती एका घासात सांगायची. खाडीची गोड. खरं-खोटं करणार कोण? आतोबा फक्त म्हणायचे, "मीठ तू घातलंस, आणि पारख समुद्राची करतेस!"

पण पाण्यातल्या मिठाचं मांदेलीला खरोखरच काहीतरी आहे. भर समुद्रात लिटरमागे पस्तीसेक ग्रॅम मीठ. हिला आवडतो तो उथळ, गढूळ किनारा, जिथे नद्या आपलं गोडं पाणी ओतत असतात. म्हणून गुजरात आणि उत्तर कोकणात ती रग्गड. दक्षिणेकडे जावं तशी विरळ होते, केरळात तिच्याच गोतातली नेथोली भेटते, आणि ही बाई पुन्हा भरभरून मिळते ती पार ओडिशा-बंगालकडे, गंगेच्या मुखाशी. मधला एवढा किनारा नापसंत! अर्नाळा-वसईचे कोळी तिच्यामागे धावतही नाहीत. खुंटांना डोल, म्हणजे पिशवीसारखी जाळी, बांधायची, भरती-ओहोटीच्या ओढीने तिचं तोंड उघडतं, पाण्याबरोबर मांदेली, बोंबील, जवळा आत. उधाणाला ओढ जोरात म्हणून मासळी जास्त, भांगेला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, कमी.

हे अख्खं गोतच, अँकोव्ही म्हणून जगभर पसरलेलं, पाण्याच्या बाबतीत चोखंदळ. काळ्या समुद्रातल्या तुर्कांच्या हम्सीला निम्म्याच मिठाचं पाणी चालतं, पण थंडी पडली की ती उत्तरेकडून खाली सरकते आणि ट्रॅबझोनच्या बाजारात ढीग लागतात. तिकडे हम्सीचा पुलाव करतात. मला एकदा खायचाय.

पेरूच्या अँचोवेटाला मात्र गारवा हवा. तिथे खोलातलं थंड, सकस पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म जीव पोसतात आणि त्यांच्यावर ही. 1970 साली तिची पकड सव्वा कोटी टनांच्या वर गेली होती. मग 1972 चा एल निनो आला. वर उबदार पाण्याचा थर बसला, खालचं खाद्य वर येईना, उरलेला मासा किनाऱ्यालगतच्या गार पट्टीत दाटीने गोळा झाला आणि तिथे तो पकडणं आणखीच सोपं. आधीच बेसुमार ओरबाडून झालेलं. 1973 मध्ये पकड वीस लाख टनांच्याही खाली. यात एकट्या समुद्राला दोष देऊन चालणार नाही. 2023 मध्ये एल निनो डोकावला तेव्हा जाळ्यात पिल्लंच जास्त येत होती, म्हणून तिथल्या उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा पहिला हंगामच रद्द केला. एवढं तरी शिकले.

तर गार पाणी चांगलं, असं म्हणावं, तोवर जपान आडवं येतं. तिकडे समुद्र उबदार असतो त्या दशकांत अँकोव्ही माजते आणि तारलीची भावंडं घटतात. पेरूकडे नेमकं उलट. एकाच गोतातल्या दोघी, एकाच महासागराच्या दोन काठांवर.

आमच्याकडे पंख्याच्या रेग्युलेटरवरून रोज रात्री हेच चालतं, आणि आम्ही तर एकाच खोलीत झोपतो.