फ्रीमेसन लॉजचे दार बंद असते, म्हणून तो कल्ट?

बंद दाराचे गोव्यात तरी कुणाला नवल वाटू नये. देवळाच्या गर्भकुडीत पुजाऱ्याशिवाय कुणी शिरत नाही. महाजनकी, म्हणजे देवळाच्या कारभारातला हक्क, जन्माने मिळते, आणि १९३३च्या पोर्तुगीज देवस्थान कायद्याने ती कागदावरही पक्की केली. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, जत्रेआधी सोवळ्याने राहतात, वेगळे जेवतात, बेतकाठी घेऊन होमकुंडातून जातात आणि जत्रा उलगडली की आपापल्या कामाला लागतात. यातल्या कशालाच आपण कल्ट, म्हणजे माणसाला कह्यात ठेवणारा पंथ, म्हणत नाही. फ्रीमेसन ही विधी आणि शपथांनी बांधलेली जुनी बंधुसंघटना, तिची स्थानिक शाखा म्हणजे लॉज. तिचे नाव काढले की मात्र पहिला संशय तोच.

भीती आहे ती विधींची. पहिल्या पदवीच्या, म्हणजे सदस्यत्वाच्या पहिल्या पायरीच्या, दीक्षेआधी उमेदवाराकडचे पैसे, अंगठी, घड्याळ, म्हणजे अंगावरचा सगळा धातू काढून ठेवतात. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरीचा फास. उजवा हात, छातीची डावी बाजू आणि डावा गुडघा उघडा. दाराबाहेर तलवार घेतलेला टायलर, म्हणजे पहारेकरी, असतो. तीन ठोके पडतात, आत शिरताना छातीला खंजिराचे टोक लागते, मग खोलीभर फेरी आणि वेदीपाशी गुडघा टेकून शपथ. भारतातल्या लॉजमध्ये वेदीवर गीता, कुराण, बायबल असे अनेक ग्रंथ असतात; ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. पट्टी सुटल्यावर कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन बांधतात. मग त्याच्याकडे दान मागतात. जवळ दमडी नसते, आणि पुढे कुणी गरजू भेटला की हा रिकामा हात आठवावा हाच तिथे हेतू असतो. तिसऱ्या पदवीत बायबलमधल्या शलमोन राजाच्या मंदिराचा स्थपती हिराम अबिफ याच्या खुनाचे नाट्य होते. उमेदवाराला मेलेला मानून आडवे करतात आणि ठरावीक पकडीने उठवतात.

हे सारे तोंडपाठ म्हणायचे असते. मास्टर, म्हणजे लॉजचा प्रमुख, अडखळला तर शेजारी बसलेला माजी मास्टर हळूच शब्द पुरवतो, आपल्या उत्सवी नाटकांतल्या प्रॉम्प्टरसारखा. आणि गुपित म्हणाल तर विधींचा मोठा भाग १७३०मध्येच लंडनमध्ये छापून विकला गेला होता. शपथ मोडल्यास गळा कापण्याची जुनी भाषा इंग्लंडच्या ग्रँड लॉजने, म्हणजे तिथल्या लॉजवरच्या वरिष्ठ संस्थेने, १९८६मध्ये शपथेतून काढून टाकली. ती त्याआधीच निघायला हवी होती.

कल्ट ओळखायचा तो माणसावरच्या ताब्यावरून. नेता कायमचा असतो का, पैसा किती आणि कशासाठी ओढतात, घरच्यांपासून तोडतात का, प्रश्न विचारलेला चालतो का, बाहेर पडणाऱ्याचे काय करतात. लॉजमध्ये मास्टर निवडून येतो आणि साधारण वर्षाने खुर्ची सोडतो. प्रवेश फी आणि वार्षिक वर्गणी असते, मिळकतीचा हिस्सा मागत नाहीत. धर्म आणि राजकारण यांवर लॉजमध्ये चर्चाच करायची नाही. ईश्वर मानावा लागतो, पण कुठला आणि कसा ते कुणी शिकवत नाही. या कसोटीवर नियमाने चालणारी लॉज कल्ट ठरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. बायकांना प्रवेश नाही आणि ओळखीपाळखीची ऊठबस चालते, हे आक्षेप खरेच आहेत; पण ते वेगळे.

बिघडते कुठे, ते इटलीच्या पी-टू लॉजने दाखवले. तिचा मुख्य लिचो जेल्ली याने सदस्यांची नावे इतर मेसनांपासूनही लपवली आणि सगळे धागे स्वतःच्या हाती ठेवले. १९७६मध्ये तिथल्या मेसनांच्या वरिष्ठ संस्थेने, ग्रँड ओरिएंटने, तिचे काम थांबवले, तरी ती चालूच राहिली. मार्च १९८१मध्ये छाप्यात ९६२ नावांची यादी सापडली, तीत मंत्री, सेनाधिकारी आणि गुप्तचर प्रमुख होते. सरकार कोसळले, आणि १९८२मध्ये कायदा करून लॉज बरखास्त केली. तिथे घातक ठरली ती लपवलेली सदस्ययादी आणि न बदलणारा मुख्य. एप्रन आणि तलवारीचा त्यात काही दोष नव्हता.

पोर्तुगालमध्ये सालाझारने १९३५मध्ये गुप्त संघटनांवर बंदी घातली, तिचे कारण सत्तेची भीती. कॅथलिक चर्चचा विरोध १७३८पासूनचा आणि धर्मतत्त्वांचा. १९८३च्या व्हॅटिकन घोषणेनुसार मेसन झालेला कॅथलिक कम्युनियन, म्हणजे मिस्सातला पवित्र प्रसाद, घेऊ शकत नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती मित्राला कुणी बोलावले तर हे त्याला आधी सांगावे.

बोलावणे आलेच तर सही करण्याआधी लॉज कुठल्या ग्रँड लॉजच्या सनदीखाली आहे ते विचारावे. भारताची ग्रँड लॉज २४ नोव्हेंबर १९६१ची. तिच्याकडे थेट चौकशी करावी, कारण हुबेहूब नाव लावून पैसे उकळणारे इंटरनेटवर पुष्कळ आहेत, आणि प्रत्यक्ष भेटीआधीच ऑनलाइन पैसे मागणारा बहुधा ठगच. मागच्या काही वर्षांचे मास्टर कोण होते, वर्गणी किती, हिशेब कोण तपासतो, तेही विचारावे. उपविधींची प्रत मागावी. सोडायचे झाल्यास सचिवाकडे लेखी राजीनामा द्यायचा आणि थकबाकी नसल्याचा दाखला घ्यायचा. पुढे दुसऱ्या लॉजमध्ये जायचे ठरले तर तो लागतो.