घरात माणसं किती?

आमच्या संस्थेत जंगल आणि लोकसंख्या हे दोन्ही विषय एकाच फाइलीत येतात. हिशोब सोपा धरलेला असतो: माणसं वाढली की जळण वाढतं, जळण वाढलं की जंगल तुटतं. त्याच हिशोबाचा फॉर्म घेऊन चैत्रात मी कोल्हापुराहून निघाले आणि राधानगरी अभयारण्याच्या कडेच्या एका धनगरवाड्यावर पोचले. गव्यांसाठी राखलेलं ३५१ चौरस किलोमीटरचं हे जंगल २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. वाडीवर मात्र त्याला नुसतं 'रान' म्हणतात.

पहिल्याच घरी आजी मोळी उतरवत होत्या. पावसाची बेगमी चालली होती. मोळी ताणकाट्याला अडकवली तर काटा २४ किलोवर थांबला.

"वजन करून इकत घेणार व्हय गं?"

"नाही आजी, नुसतं लिहायचंय. घरात माणसं किती?"

"मी, म्हातारा आन म्हस."

थोरला पुण्यात, धाकटा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, सुना त्यांच्याबरोबर. दोघांनाही दोन-दोनच मुलं. दोन्हीकडे ऑपरेशन सुनांचं झालेलं. पुरुषाची नसबंदी बिनटाक्याची, कितीतरी सोपी, पण ते म्हणून दाखवल्यावर आजोबा खाटेवरून उठून गोठ्यात गेले ते गेलेच. (ऑपरेशन कोणाचं, हा रकाना मी बहुतेक घरांत 'स्त्री' या एका अक्षरात भरते.) २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्याचा जननदर बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाला. म्हणजे पाळण्यांचा प्रश्न जवळजवळ मिटलेला.

जळणाचा नाही. शेजारच्या घरात सहा माणसं, तरी रचून ठेवलेला ढीग आजींच्या ढिगाएवढाच. मला वाटलं, आजी विकत असतील. तसं विचारलंही, जरा आगाऊपणेच.

आजींनी हात धरून आत नेलं. गॅसची टाकी कोपऱ्यात, तिच्यावर पाटी, पाटीत कांदे. "भरलेली टाकी वर कोण आणणार? म्हातारा?" चुलीच्या वर शिंकाळ्यात नाचणीचं बियाणं, आढ्याला धुरानं काळी झालेली कणसं, बाजूला पावसात कांबळी वाळत घालायची दोरी. "पावसात चूल इझली तर घर कुजतंय. माणसं दोन असूंदेत न्हाईतर धा. शिवाय म्हशीचं आंबोण शिजवाय लागतंय."

मी दारात बसून भागाकार केला. शेजारच्यांपेक्षा आजींचं माणशी जळण तिप्पट येत होतं. आमच्या फॉर्मप्रमाणे वाडीवरचं सगळ्यात उधळं घर हेच! पोरं पोटासाठी शहरात गेली, तिकडं त्यांच्या दोन वेगळ्या चुली पेटल्या, आणि इथली काही विझली नाही.

ऑफिसला फोन लावला. वरिष्ठ म्हणाले, "रकाने बदलू नका, तुलना बिघडते."

मग समासात पेनानं उभी रेघ मारली आणि वर लिहिलं: चुली. आजींच्या घरापुढं १.

निघताना आजींनी पायरीवरून हाक मारली, "म्हस लिवलीस न्हवं?"

लिहिली.