आधी दोरा, मग रॉड आणि शेवटी रील

माझे बालपण मुरुडजवळच्या एका खाडीकाठच्या गावात गेले. मासे गरवायला जायचे म्हणजे लाकडी रिळाला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसे, एक गळ आणि त्याला टोचलेली कोळंबी एवढाच सरंजाम असे. दोरा थेट बोटावरून जात असल्यामुळे माशाने आमिषाला नुसते तोंड लावले तरी कळत असे. नोकरीनिमित्त अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसजवळ स्थायिक झाल्यावर मी इथल्या तलावांत लार्जमाउथ बास हा मासा गरवू लागलो, तेव्हा रॉड (गळाची काठी) आणि रील (तिच्यावर बसवायचे दोरा गुंडाळण्याचे यंत्र) यांच्या दुकानातल्या रांगा पाहून मी जी चूक केली, तीच चूक इथे नव्याने आलेली आपली अनेक माणसे करताना दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी सर्वांत आधी रील विकत घेतले. दुकानातल्या विक्रेत्याने बेअरिंगची संख्या सांगितली, हँडल फिरवून दाखवले आणि माझे निम्म्याहून अधिक पैसे त्या एका वस्तूवर खर्च झाले. उरलेल्या पैशांत हाताला बरा वाटला तो रॉड घेतला आणि दोरा तर रिळावर जो भरून मिळाला तोच ठेवला. पुढच्याच महिन्यात लेक फोर्कवर एक मोठा बास लागला, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या जाळीत शिरला आणि दहा पौंडांचा (म्हणजे तेवढी ओढ सोसणारा) नायलॉनचा दोरा तुटला. त्या प्रसंगात रिळाचा काहीही दोष नव्हता. त्या पाण्यात तो दोरा वापरणेच चुकीचे होते.

लेक फोर्क हा डॅलसच्या पूर्वेला, गाडीने साधारण दीड तासावर असलेला जलाशय आहे. धरण बांधताना बुडालेली झाडे बऱ्याच ठिकाणी तशीच उभी ठेवली गेली आणि पुढे आपल्याकडच्या तळ्यांतही आढळणारी हायड्रिला ही पाणवनस्पती तिथे फोफावली. टेक्सासचा लार्जमाउथ बासचा विक्रम याच जलाशयातला आहे: जानेवारी 1992 मध्ये पकडलेला 18.18 पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंचा मासा. बास दबा धरून शिकार करतो. त्याचा वरचा जबडा डोळ्याच्याही मागेपर्यंत जातो आणि तोंड उघडताच समोरचे भक्ष्य पाण्यासकट आत ओढले जाते. गळ लागला की तो पहिल्यांदा आपल्या आडोशाकडेच धावतो. म्हणून आपण कोणत्या आडोशाजवळ आणि कोणत्या आमिषाने गरवणार आहोत, हे ठरल्याशिवाय काहीही खरेदी करू नये. (रायगडात ज्या जिताड्याचे एवढे कौतुक असते, त्याला इंग्रजीत ‘एशियन सी बास’ म्हणत असले, तरी त्याचा आणि या बासचा कुळाने संबंध नाही. लार्जमाउथ हा सनफिशच्या कुळातला गोड्या पाण्यातला मासा आहे.)

दोऱ्याचे मुख्य प्रकार तीन आहेत आणि त्यांतला फरक नीट समजला की निम्मी निवड झालीच. पहिला एकपदरी नायलॉनचा दोरा, म्हणजे आपला तंगूसच. तो ताणला जातो, गाठ चांगली धरतो, स्वस्त असतो आणि पाण्यात अगदी सावकाश बुडतो. त्यामुळे पृष्ठभागावर चालवायच्या आमिषांसाठी तो उत्तम. मात्र तो पाणी शोषतो, उन्हाने खराब होतो आणि रिळावर बराच काळ राहिला की वळ्या धरतो. दुसरा फ्लुरोकार्बनचा. तो नायलॉनपेक्षा बराच जड असल्याने लवकर बुडतो, खडकाला किंवा लाकडाला घासला तरी अधिक टिकतो आणि पाण्यात कमी दिसतो, कारण त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) पाण्याच्या अधिक जवळ असतो: त्याचा सुमारे 1.42, तर पाण्याचा 1.33 आणि नायलॉनचा साधारण 1.53. तिसरा पॉलिएथिलिनच्या धाग्यांचा विणलेला दोरा, ज्याला इथे सगळे ब्रेड म्हणतात. तो पाण्यावर तरंगतो, जवळजवळ ताणला जातच नाही आणि ताकदीच्या मानाने फारच बारीक असतो. पन्नास पौंडांचा ब्रेड साधारण बारा पौंडांच्या नायलॉनइतक्याच जाडीचा भरतो. हायड्रिलाच्या चटईवरून बेडकाच्या आकाराचे पोकळ आमिष ओढायचे असेल, तर पन्नास ते पासष्ट पौंडांचा ब्रेडच हवा, कारण तो वनस्पतीचे देठ कापत येतो. तोच ब्रेड नितळ पाण्यात उठून दिसतो, म्हणून तिथे त्याच्या टोकाला सहा-आठ फूट फ्लुरोकार्बन जोडतात.

फ्लुरोकार्बनची गाठ आवळताना ती थुंकीने किंवा पाण्याने ओली केलीच पाहिजे. कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने दोरा गाठीपाशीच कमजोर होतो; नीट पाहिले तर तिथे बारीक कुरळी सुरकुती दिसते. प्रत्येक मासा सोडल्यावर मी शेवटचा हातभर दोरा अंगठ्याच्या नखावरून ओढून पाहतो आणि जराही खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून गाठ पुन्हा मारतो.

रॉडच्या बाबतीत दोन गोष्टींची गल्लत होते. एक त्याची ताकद, म्हणजे तो वाकवायला किती जोर लागतो. दुसरी त्याची ॲक्शन, म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड फक्त टोकाकडे वाकतो, मॉडरेट जवळजवळ मध्यापर्यंत. टेक्सास रिग या आमिष लावायच्या पद्धतीत जाड एकेरी गळ मऊ प्लास्टिकच्या किड्यात लपवलेला असतो आणि तो प्लास्टिकमधून आरपार जाऊन माशाच्या जबड्यात रुतायला हवा, म्हणून तिथे मीडियम हेवी ताकदीचा, फास्ट ॲक्शनचा, सात फुटी रॉड योग्य. उलट क्रँकबेटला, म्हणजे ओढताच पाण्यात खाली जाणाऱ्या माशाच्या आकाराच्या कडक आमिषाला, बारीक तीन टोकांचे गळ असतात. ताठ रॉडने झटका दिला की ते मांस फाडून निसटतात, त्यामुळे तिथे मध्यापर्यंत लवणारा, शक्य तर फायबरग्लासचा रॉड घ्यावा. रॉडच्या मुठीच्या वर आमिषाचे वजन आणि दोऱ्याची ताकद छापलेली असते, उदाहरणार्थ पाव ते एक औंस आणि बारा ते वीस पौंड. माझ्या मते संपूर्ण दुकानात याहून उपयोगी मजकूर दुसरा नाही, आणि बहुतेक गिऱ्हाईक तो न वाचताच रॉड हलवून पाहतात. पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत. तळाशी किडा सरकवताना तो खड्यावर आहे की लाकडावर, हे चांगल्या ग्राफाइटच्या रॉडमधून हाताला कळते आणि तेव्हा मला खाडीवरचा बोटातला तंगूस आठवतो.

आता रील. पाव औंसापेक्षा हलक्या आमिषांसाठी स्पिनिंग रील घ्यावे. त्यात स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली फिरकी, स्थिर राहतो आणि दोरा कडेवरून सुटत जातो, म्हणून हलके आमिषही लांब जाते. जड आमिषे आणि जाड दोरा यांसाठी बेटकास्टर हे दुसऱ्या प्रकारचे रील. त्यात आमिष फेकताना स्पूल स्वतः फिरतो, आणि आमिषाचा वेग कमी झाल्यावरही तो फिरतच राहिला तर दोऱ्याचा गुंता होतो. हे टाळण्यासाठी आमिष रॉडच्या टोकाशी लटकवून स्पूल मोकळा करणारे बटण दाबावे आणि बाजूची चकती इतकी आवळावी की आमिष सावकाश खाली यावे व जमिनीला टेकताच स्पूल थांबावा. त्यानंतरचे काम अंगठ्याचे आहे आणि ते अंगणात सरावानेच जमते. गिअरचा आकडा 7:1 असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल सात वेळा फिरतो; किडा आणि जिग (शिशाचे डोके असलेला गळ) यांसाठी तो वेग बरा, खोल जाणाऱ्या क्रँकबेटला 5:1 च्या आसपासचे सावकाश रील हाताला कमी थकवते. बेअरिंगच्या संख्येकडे मी आता पाहत नाही. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरा सुटू देणारा रिळातला ब्रेक, मात्र अडखळत न सुटता सरळ सुटला पाहिजे, आणि नायलॉन किंवा फ्लुरोकार्बन वापरताना तो दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका ठेवावा. मी घरीच हुकाच्या वजनकाट्याने ओढून तो लावतो. ब्रेड भरताना स्पूलवर आधी थोडा नायलॉन गुंडाळावा, नाहीतर गुळगुळीत धातूवर सगळा ब्रेड गोल फिरत राहतो.

सुरुवात करणाऱ्याने एकच संच घ्यायचा असेल तर माझा सल्ला स्पिनिंगचा आहे: सात फुटी, मीडियम ताकदीचा, फास्ट ॲक्शनचा रॉड, दहा पौंडांचा ब्रेड आणि त्याला आठ पौंडांचा फ्लुरोकार्बन. दाट वनस्पतीत तो वापरू नये, परंतु बाकी बहुतेक ठिकाणी चालतो.

गेल्या मार्चमध्ये लेक फोर्कवर त्याच वनस्पतीच्या कडेला, सतरा पौंडांच्या फ्लुरोकार्बनवर मला एक बास लागला. तो आत शिरण्याआधी रॉडने त्याला वळवले आणि ड्रॅग दोनदाच बोलला. मोजपट्टीवर तो एकोणीस इंच भरला. तिथे 16 ते 24 इंचांमधला बास ठेवता येत नाही, त्यामुळे खालचा जबडा धरून मी त्याला पाण्यात सरळ उभा केला, आणि शेपटीचा एक फटका मारून तो पुन्हा हायड्रिलात गेला.