मोगऱ्याची साखर आणि गुलकंदाची कॉफी: उन्हाळ्यापासूनची नोंद

मंडळी, कुंडीतल्या मोगऱ्याचा बहर आता ओसरतोय, तेव्हा फुलांच्या कॉफीचं आतापर्यंत काय काय जमलं ते लिहून काढतो. माझ्यापुरती एक गोष्ट पक्की झाली आहे. फुलाला विस्तव दाखवायचा नाही. कॉफीला गरम पाणी लागतं, मोगऱ्याला ते सोसत नाही. म्हणून फूल साखरेत, थंड दुधात किंवा बर्फात मुरवायचं आणि कॉफीशी त्याची गाठ थेट कपात घालून द्यायची.

उकळत्या दुधात कळ्या टाकून बघा, लगेच कळेल. क्षणभर सगळं स्वयंपाकघर घमघमतं, पण तो वास भांड्यातून निघून चाललेला असतो. मोगऱ्याच्या सुगंधातले लिनालूल आणि बेंझिल असिटेट हे घटक वाफेबरोबर चटकन उडतात. दुधात उरतो तो पाकळ्यांचा हिरवट कडवटपणा, पालेभाजी उकडलेल्या पाण्यासारखा.

साखरेची युक्ती मला चीनमधल्या फुजौच्या जस्मिन चहावरून, म्हणजे मोगऱ्याच्या चहावरून, सुचली. तिथे चहाची पानं आणि ताज्या कळ्या यांचे थर रात्रभर एकत्र ठेवतात, सकाळी फुलं चाळून काढतात आणि दुसऱ्या दिवशी नव्या कळ्या घेऊन तेच पुन्हा करतात. चहाचं पान वास छान ओढून घेतं. भाजलेली कॉफी त्या मानानं फार कमी घेते. बिया एका रात्रीत जेमतेम वास धरतात आणि दळलेली पूड उघड्यावर ठेवली तर तिचाच दम जातो. मग थर साखरेचे लावले.

कळ्या संध्याकाळी, अजून मिटलेल्या पण टपोऱ्या झालेल्या असताना खुडायच्या. मोगरा रात्री उमलतो आणि उमलतानाच सगळ्यात जास्त सुगंध सोडतो. ते उमलणं आपल्या डब्यात व्हायला हवं. स्टीलच्या डब्यात २०० ग्रॅम साखर, त्यावर मलमलचं धुतलेलं फडकं, फडक्यावर ओंजळभर कळ्या, आणि झाकण घट्ट. सकाळी उघडलं की कळ्या उमललेल्या, कडांना तपकिरी झालेल्या दिसतात आणि साखर किंचित ओलसर लागते. फुलं लगेच काढायची. दिवसभर तशीच राहिली तर वास उग्र होतो. मोगऱ्यात इंडोल नावाचा घटक असतो, थोडा असला तर त्यानं सुगंधाला भारदस्तपणा येतो, जास्त झाला तर नकोसा वाटतो. साखर ताटात पसरून पंख्याखाली कोरडी करायची, उन्हात नाही. संध्याकाळी पुन्हा नव्या कळ्या. दोनतीन वेळा असं केलं की झाकण उघडताच मोगरा समोर येतो. फडकं मात्र घालाच. नाहीतर पाकळ्यांचे तुकडे साखरेत चिकटतात आणि तिला गवताळ चव येते.

दुधाचं तंत्र याहून सोपं आहे. वास स्निग्धांशात मुरतो, त्यामुळे सायीसकटचं म्हशीचं दूध उत्तम, गाईचं चालेल, स्किम्ड दुधात फारसं काही उतरत नाही. दूध तापवून पूर्ण थंड करायचं, वाटी उघडी ठेवून मोठ्या डब्यात बसवायची, भोवती कळ्या पसरायच्या, डब्याला झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये. कळी दुधात पडू द्यायची नाही. डबा हवाबंदच हवा, कारण दूध मोगऱ्याचा वास ओढतं तसाच शेजारच्या कोथिंबिरीचा आणि लसणाच्या चटणीचाही ओढतं.

याच्या जोडीला कोल्ड ब्रू, म्हणजे थंड पाण्यात मुरवलेली कॉफी: ६० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, ४८० मिली पाणी, फ्रिजमध्ये चौदा ते सोळा तास, मग आधी फडक्यातून आणि नंतर पेपर फिल्टरमधून गाळायचं. ६० मिली कोल्ड ब्रू, १२० मिली मोगऱ्याचं दूध आणि चमचाभर मोगऱ्याची साखर. साखर थंड दुधात विरघळायला वेळ घेते, आधी खलबत्त्यात बारीक करून घेतली तर बरं.

तरी काळी कॉफी पिणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे ते बर्फाचं. माठातल्या पाण्यात मोगऱ्याची फुलं टाकायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. तेच पाणी ट्रेमध्ये ओतून बर्फ करायचा. २० ग्रॅम कॉफी, २०० मिली ९३ अंशांचं पाणी, आणि खाली कॉफी गोळा होते त्या भांड्यात १२० ग्रॅम मोगऱ्याचा बर्फ. पोर-ओव्हर, म्हणजे फिल्टरमधल्या पुडीवर हळूहळू पाणी ओतून गाळलेली कॉफी, थेट बर्फावर पडते; कॉफी आणि पाणी-बर्फ यांचं एकूण प्रमाण १:१६ बसतं. बराचसा बर्फ लगेच वितळतो, उरलेले खडे पेल्यात हळूहळू विरघळत राहतात आणि शेवटच्या घोटापर्यंत मोगरा वाढत जातो. ही कॉफी पहिल्यांदा जमली तेव्हा मी पेला संपेपर्यंत दुसरं काहीही केलं नाही.

आता कॉफी कुठली, हा खरा कळीचा प्रश्न. गडद भाजलेल्या कॉफीत मोगरा पूर्ण बुडतो. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) असेल तर विचारायलाच नको. लाईट ते मीडियम रोस्ट आणि वॉश्ड, म्हणजे फळाचा गर धुऊन काढून वाळवलेली, अरेबिकाच घ्या. फुलांचा वास मुळात कॉफीच्याच अंगी असतो. इथिओपियाच्या यिर्गाचेफेच्या वॉश्ड कॉफीत जस्मिन सहज ओळखू येते. इथिओपियातूनच गेलेल्या गेशा जातीनं २००४ मध्ये पनामातल्या स्पर्धेत आणि लिलावात हासिएन्दा ला एस्मेराल्दा या मळ्याचं नाव गाजवलं, तेही याच जस्मिन आणि बर्गामोट (लिंबू-संत्र्याच्या कुळातलं सुगंधी फळ) यांच्या वासावर. गेशा आपल्या खिशाला झेपत नाही, पण आपल्याकडे सिलेक्शन ९ ही अरेबिकाची जात आहे. तिच्या आईबापांपैकी एक इथिओपियाची ताफारीकेला, दुसरा हिब्रिडो द तिमोर. चिकमगळूरच्या बाजूची वॉश्ड सिलेक्शन ९ मीडियमपेक्षा थोडी कमी भाजलेली मिळाली, तर मोगऱ्यासाठी दुसरं काही शोधायची गरज नाही. कॉफीच्या झाडाचं स्वतःचं फूलसुद्धा पांढरंशुभ्र आणि मोगऱ्याच्या वासाचं असतं. मार्च-एप्रिलमधल्या वळवाच्या सरीनंतर मळेच्या मळे फुलतात. आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी आहे, तिथला तो बहर एकदा बघायचाच आहे.

गुलाबाचा हिशेब उलटा आहे, आणि मला तो फार आवडतो. डॅमॅसेनोन हा घटक गुलाबाच्या तेलातही असतो आणि भाजलेल्या कॉफीतही, म्हणून या दोघांची ओळख करून द्यावी लागत नाही. शिवाय गुलाबाचा मुख्य वास देणारं फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात चांगलं उतरतं. गुलाबजल टिकतं आणि कामाचं ठरतं ते यामुळे. गुलाबाला चिकोरीही चालते. चालते कशाला, मी तर म्हणेन हवीच. तिच्या कडसर गोडव्यावर गुलाब छान बसतो.

पितळी फिल्टरचं दाट डिकॉक्शन ५० मिली, गरम दूध १०० मिली, त्यात सपाट चमचाभर गुलकंद ढवळून दोन मिनिटं झाकून ठेवायचा, मग गाळून डिकॉक्शनमध्ये ओतायचं. आधी मी गुलकंद भरपूर घालत होतो. आईनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "गुलाब कळला रे, पण कॉफी कुठे आहे?" तेव्हापासून चमचा सपाट. वेलची किंवा प्रवाळ घातलेला गुलकंद नको, नुसत्या पाकळ्या आणि खडीसाखरेचा घ्या. गुलाबजल वापरणार असाल तर खाण्याचंच, १५० मिलीच्या कपाला पाव चमचा, आणि कॉफी ओतून झाल्यावर. लाल रंगाची गुलाब सरबतं या कामाची नाहीत, त्यांची साखर कॉफीला गप्प करते. आखातातल्या कॉफीत वेलची-केशराबरोबर गुलाबजल घालतात, ते बिनदुधाच्या, फिक्या भाजलेल्या कॉफीत करून पाहिलं. जेवणानंतर छोट्या पेल्यात अतिशय सुरेख लागतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. केवडा जल एका थेंबापलीकडे गेलं की बाकी सगळं संपतं, मी बाजूला ठेवलंय. गोकर्ण नुसता रंग देतो, आणि कॉफीत तोही दिसत नाही. अंबाडीची लाल बोंडं आंबट असतात, दूध फाटतं. काळ्या कोल्ड ब्रूमध्ये, थोड्या गुळाबरोबर, ती मला बरी वाटली.

एक मात्र कळकळीनं सांगतो. फूल सुवासिक आहे म्हणून पोटात घालण्याजोगं ठरत नाही. कण्हेर आणि बिट्टी सरळसरळ विषारी आहेत. पांढरी तगर लांबून मोगऱ्यासारखी दिसते, तीही नको. देवचाफ्याच्या चिकानं त्रास होतो. बाजारातले गजरे आणि गुलाब फवारणीचे असतात, ते केसात माळा, देवाला वाहा, पण दुधाशेजारी ठेवू नका. घरची कुंडी किंवा ज्याच्या फवारणीची खात्री आहे असं झाड, एवढंच.

पुढचा बेत संत्र्याच्या फुलांचा. ट्युनिशियात कॉफीत कडू संत्र्याच्या फुलांचं पाणी घालतात, आपल्या नागपुरी संत्र्याचं फूल वेगळं असलं तरी वास तसाच मोहात पाडणारा आहे. आंबिया बहर जानेवारी-फेब्रुवारीत येतो. काटोलच्या मावशीला दोन झाडं फवारणीतून वगळायला सांगून ठेवलंय. फुलं आधी साखरेत मुरवेन, मग दुधात. तोवर कुणी सिलेक्शन ९ लाईट रोस्टमध्ये घेतली असेल, तर भाजल्यानंतर किती दिवस ठेवल्यावर तिचा फुलांचा वास खुलला ते नक्की कळवा. माझ्याकडच्या पाकिटात दुसऱ्या आठवड्यानंतर वास जास्त मोकळा झाला.