आधी अंथरूण, मग सामान

तीन दारांच्या सुझुकी जिम्नी या छोट्या गाडीत मागची सीट उभी असेल तर डिकी ८५ लिटरची. दोन फुगीर पाठपिशव्या कोंबल्या की मागचं दार गुडघ्याने दाबून लावायचं. वाळवंट, मग उंच पठार आणि शेवटी समुद्रकिनारा असा लांबचा फेरा याच गाडीने करायचा, रस्ते बहुतेक कच्चे आणि मुक्काम शक्यतो गाडीपाशीच, असं आम्हा दोघांचं ठरलं. सामानाची यादी करायला बसलो आणि पहिल्याच पानावर थांबलो. रात्री कोण कुठे आडवं होणार हेच ठरलेलं नव्हतं. स्टेपनी सोडली तर साडेतीन मीटरही लांब नसलेल्या या गाडीत जी जागा दिवसा सामानाची, तीच रात्री अंथरुणाची. म्हणून आधी बिछाना आखला आणि उरलेल्या जागेत सामान बसवलं. पुढे जे काही सुरळीत झालं ते बरंचसं या क्रमामुळे.

हेडरेस्ट काढून पुढच्या सीटची पाठ मागे पाडली की ती मागच्या सीटला जाऊन टेकते आणि बिछाना तयार होतो, अशी सोय गाडीत मुळातच आहे. डुलकी काढायला ठीक. पण सीटला बसणाऱ्याच्या अंगाचे उंचवटे-खळगे असतात, ते रात्रभर बरगड्यांना जाणवत राहतात. आम्ही मागची सीट सोडवून घरी ठेवली. (तुमच्याकडच्या नियमांत ते चालतं का, हे आधी पाहून घ्या.) मागच्या दारापासून पुढे, सोबत्याच्या बाजूला, ६० सेंटीमीटर रुंदीची प्लायवुडची फळी पक्की बसवली. तिला पुढे बिजागरीवर एक झापड. दिवसा झापड फळीवर दुमडलेलं. रात्री सोबत्याची सीट पुढे सरकवून पाठ मागे पाडायची आणि झापड तिच्यावर उलगडायचं. पायांकडचा सीटचा खळगा कपड्यांच्या मऊ पिशव्यांनी भरायचा. एका माणसाला पाय लांब करून झोपता येतं. १२ मिलिमीटरच्या प्लायवुडचं वजन चौरस मीटरला साधारण ८ किलो भरतं, त्यामुळे सगळा बिछाना बिजागऱ्या-पायांसकट १० किलोत बसला. फळीला मोठी भोकं पाडून घ्या. वजन कमी होतं हा एक फायदा, दुसरा पुढे पठारावर सांगतो.

एकच माणूस आत? हो. दुसरा बाहेर, जमिनीवरच्या छोट्या तंबूत, आळीपाळीने. दोघांनाही आत झोपता येतं असं सांगणारे भेटतात. ते एकतर अंगाने सडपातळ असतात किंवा लग्न नुकतंच झालेलं असतं. टपावरच्या तंबूचा मोह आम्हालाही होता, पण गाडीचं पुस्तक वाचल्यावर सुटला. चालत्या जिम्नीच्या टपावर ३० किलोची मर्यादा आहे आणि कॅरिअरचं वजनही त्यातच धरायचं. दोन माणसांचे टपावरचे तंबू सहसा एकटेच ४० किलोच्या वर जातात. गाडी उभी असताना टप जास्त भार पेलतो हे खरं, पण तंबू दिवसभर प्रवासही करतोच ना. उंच, अरुंद गाडी, आडवा उतार आणि डोक्यावर ओझं, हे गणित मला पटत नाही. आमच्या टपावर काहीच नव्हतं.

जागेच्या आधी वजन संपतं, हे लहान गाडीचं वैशिष्ट्य. या जिम्नीचं कोरं वजन सुमारे ११३५ किलो आणि भरल्या गाडीची मर्यादा १४३५, म्हणजे हातात ३०० किलो (मॉडेल आणि देशानुसार आकडे थोडे बदलतात, आपल्या गाडीवरची पट्टी बघा). दोन माणसं १५० किलोची धरली की उरले १५०. आमचा हिशेब असा: पाणी २०, जादा पेट्रोल २० लिटर म्हणजे सुमारे १५, बिछाना १०, कोरडा शिधा १५, हत्यारं-काँप्रेसर-फावडं-ओढपट्टा (रुतलेली गाडी ओढून काढायचा) मिळून २०, तंबू आणि पांघरुणं १०, कपडे १२, भांडी आणि स्टोव्ह ८, लिथियम बॅटरी ११. बेरीज १२१. उरलेले तीसेक किलो मुद्दाम मोकळे ठेवले, कारण पुढे लांबवर पाणी नसलं की कॅन दुप्पट होतात. निघण्याआधी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन खात्री करून घ्या. एवढं छोटं काम कुणी करत नाही, आणि मग स्प्रिंगा बसल्या म्हणून तक्रार करतात.

जड वस्तू खाली आणि मागच्या अॅक्सलच्या पुढे ठेवायच्या. पाण्याचे कॅन ड्रायव्हरच्या सीटमागे जमिनीवर, त्यांच्या शेजारी बॅटरी, मग हत्यारांची पिशवी. मागच्या दाराशी फक्त हलकं. अॅक्सलच्या मागे पडलेलं प्रत्येक किलो गाडीचं नाक उचलतं आणि चढावर स्टिअरिंग हलकं लागायला लागतं. सगळं पट्ट्यांनी जमिनीतल्या हुकांना आवळायचं. नुसतं दाबून बसवलेलं सामान जोराच्या ब्रेकला मानेवर येतं. कडक खोके दोनच घेतले, बाकी सगळ्या मऊ पिशव्या. मऊ पिशवी चाकाच्या फुगवट्याभोवती वळते, खोका तिथे हट्ट करतो.

आता प्रवास.

वाळूत पहिल्याच दुपारी टायरची हवा उतरवावी लागली. साध्या रस्त्यावरच्या दाबावरून आम्ही १६ पीएसआयपर्यंत आलो. टायर जमिनीवर पसरतो, भार जास्त जागेवर वाटला जातो आणि गाडी वाळूत रुतायच्या ऐवजी वरून सरकते. तेवढ्या हवेवर वेग कमी ठेवायचा आणि वळणं हळू घ्यायची, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. पुढे टणक रस्ता लागला की हवा परत भरायची. म्हणजे काँप्रेसर दिवसातून कधीही लागणार. तो, फावडं आणि ओढपट्टा या तीन वस्तू बिछाना न हलवता हाताला लागल्या पाहिजेत. आमच्या गाडीत त्या फळीखाली, मागच्या दारातून सरळ ओढता येतील अशा होत्या. अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी. प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे हे दोघांनाही अंधारात सांगता आलं पाहिजे.

धूळ मागून येते. चौकोनी गाडी धावताना मागे हवेची पोकळी तयार होते आणि उडालेली धूळ तिथे घुटमळते. पुढच्या काचा उघड्या असतील तर आतला दाब घटतो आणि मागच्या दाराच्या फटींतून ती आत खेचली जाते. काचा बंद ठेवून पंखा बाहेरची हवा घेणाऱ्या खटक्यावर, जोरात चालवला की आतला दाब थोडा वाढतो आणि धूळ बाहेरच राहते. समोर दुसरी गाडी असेल तेव्हा मात्र तिची धूळ पंखाच आत ओढतो. तेवढ्यापुरता खटका बदला किंवा अंतर ठेवा. अंथरूण-पांघरूण दिवसा तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत. नाहीतर रात्री वाळूत झोपायचं.

नालीदार पत्र्यासारख्या कच्च्या रस्त्यावर तासन्‌तास थरथर सोसावी लागते. या थरथरीने धातूचे डबे एकमेकांना घासून भोकं पडतात, झाकणं आपोआप सुटतात. प्रत्येक डब्याला जुना मोजा घाला. हसू नका. सामान आवळणाऱ्या पट्ट्यांचा ताण दर विश्रांतीला हाताने तपासा, सामान बसत जातं तसे पट्टे सैल पडतात.

पहिल्या काही रात्री सगळा वेळ शोधाशोधीत गेला. नमुना संवाद:

"माझी दाताच्या ब्रशची पिशवी कुठाय रे?"

"फळीखाली, मधल्या कप्प्यात."

"ती काढायला काय हलवावं लागेल?"

"मला."

त्यानंतर नियम केला की प्रत्येक वस्तूला दिवसाची एक जागा आणि रात्रीची एक जागा. मुक्कामाला पोचल्यावर बदल ठरलेल्या क्रमाने: शिधा आणि स्टोव्हचा खोका गाडीबाहेर, कपड्यांच्या पिशव्या पायांकडे, सीट खाली, झापड वर, गादी. हात बसला की दहाएक मिनिटांचं काम. रात्री लागणाऱ्या गोष्टी (डोक्याचा दिवा, पाणी, उबदार टोपी, किल्ली) एका छोट्या पिशवीत, ती कायम दाराच्या खिशात. आणि ड्रायव्हरची सीट रात्री पूर्ण मोकळी. तिच्यावर काहीही ठेवायचं नाही. अपरात्री जागा सोडून निघावं लागलं, तर बाहेर न उतरता किल्ली फिरवता आली पाहिजे.

मुक्कामाची जागा उजेड असताना शोधा. कोरड्या नदीपात्राची सपाट वाळू फार गोड दिसते, पण लांबवर कुठेतरी पाऊस झाला तर इथे चांदण्या दिसत असतानाही पाणी येतं. जागा समतल आहे का ते पाहायला अर्धी भरलेली पाण्याची बाटली फळीवर आडवी ठेवायची. फरक उरलाच तर एक चाक सपाट दगडावर चढवा. एवढं करूनही थोडा उतार राहिला तर डोकं चढाकडे. गाडीचं तोंड वाऱ्याकडे केलं की मागे आडोसा मिळतो, स्टोव्ह नीट पेटतो आणि बाजूला उघडणारं मागचं दार वाऱ्याने हिसकलं जात नाही.

पठारावर थंडी होती, पण आधी बोलायला हवं ते ओलाव्याबद्दल. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं. १० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जेमतेम साडेनऊ ग्रॅम बाष्प मावतं, आणि एवढ्याशा गाडीत हवा किती, तर फार तर तीन घनमीटर. म्हणजे बंद गाडीत वरचं सगळं पाणी काचांवर, पत्र्यावर आणि गादीच्या खालच्या बाजूला. थंडी वाजते म्हणून काच लावून घेणारा सकाळी ओल्या पांघरुणात उठतो आणि दुसऱ्या रात्री त्याला जास्त थंडी वाजते. समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं उघड्या ठेवा. तीन दारांच्या जिम्नीत मागच्या बाजूच्या काचा उघडतच नाहीत, त्यामुळे पुढच्या दोन्ही. वर पावसाळी पट्टी बसवली असेल तर पावसातही ठेवता येतात. फळीला भोकं सांगितली ती यासाठीच: गादीखालून हवा फिरली नाही की बुरशी धरते. सकाळी गादी उलटी करून उन्हात टाका, तोवर चहा होतो.

काचांना आतून चमकत्या फोमचे कापलेले तुकडे लावा. कागदाचे साचे घरीच काढून ठेवले तर ते नेमके बसतात. थंडी अडते, पहाटेचा उजेड अडतो आणि आत माणूस आहे हे बाहेरून कळत नाही.

गादीची ऊब तिच्या आर-मूल्यावर, म्हणजे उष्णता अडवण्याच्या क्षमतेवर ठरते. साध्या बंद पेशींच्या फोम चटईचं ते २ च्या आसपास असतं. गोठणबिंदूखाली जाणाऱ्या रात्रींसाठी आम्ही अशी चटई खाली आणि हवेची गादी वर अशी जोडी वापरली. दोन्हींची मूल्यं सरळ बेरजेत येतात. फळीखालून थंड हवा फिरते म्हणून गाडीत असलो तरी खालून ऊब लागतेच. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतात. खरेदी करताना 'कम्फर्ट' हा आकडा बघा. 'लिमिट' म्हणजे अंग आक्रसून कशीबशी रात्र काढता येईल तो आकडा, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात नेमका तोच असतो. पिसांची बॅग दिवसभर आवळून ठेवू नका, सैल पिशवीत असू द्या. सामानातली पोकळी भरायला ती उपयोगी पडतेच.

३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांवर येतो. खाली झाकण घट्ट लावलेले कॅन, मलमाच्या नळ्या, हवेची गादी सगळं फुगतं. पेट्रोलचा कॅन उघडताना झाकण हळू फिरवायचं, आधी हवा सोडायची. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात उतरते. तीस किलो मोकळे ठेवले होते त्याची किंमत त्या चढांवर कळली. लिथियम बॅटरी गोठणबिंदूखाली चार्ज करायची नाही, पेशी कायमच्या बिघडतात. सकाळी इंजिन चालू करून गाडी आतून कोमट झाली की मगच चार्जर जोडत होतो.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. गाडीत स्टोव्ह पेटवायचा नाही, इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बर्फ पडत असेल तर इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा.

किनाऱ्यावर आम्ही थकून आळशी झालो होतो, आणि तिथला नियम त्याला मानवणारा होता: वाळलेल्या शेवाळाची सगळ्यात वरची रेघ शोधा, तिच्याही बरंच वर गाडी लावा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती आणखी चढते. दोन रात्री वारा इतका होता की तंबू उभारलाच नाही. एक जण फळीवर आणि दुसरा ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या बसल्या झोपला. तेवढ्यासाठी मानेभोवतीची उशी ठेवावी. एरवी तिला सामानात जागा देण्याइतकी ती लायक नाही.

न वापरता परत आणलेलं सामान: दुसरी खुर्ची, जादा भांडं, निम्मे कपडे. कमी पडलेलं: हातपुसणी फडकी, पट्टे आणि दोरी. किनारा सोडल्यावर गाडी खालून भरपूर गोड्या पाण्याने धुतली, चेसिसच्या आतल्या पोकळ्यांतही नळी घालून. फळी काढली तेव्हा तिच्याखाली अर्धी बादली वाळू निघाली, म्हणून पुढच्या खेपेला फळीचे मागचे दोन बोल्ट हाताने सुटणारे लावणार आहे, म्हणजे वाटेतच झाडून घेता येईल.