तुम्ही विचारलंत म्हणून: त्या आधाराच्या चड्डीने लघवी गळायची थांबते का?

हळदीकुंकू असो, लग्नाचा मांडव असो, नाहीतर एसटीचा थांबा, कोणीतरी हळूच कोपऱ्यात घेतं आणि विचारतं, मॅडम, तुम्ही ती खालून आधार देणारी चड्डी वापरता ना, तिने खरंच थांबतं का हो? मी अमळनेरकडची, शाळेत शिकवते, आणि एका संक्रांतीला वाण लुटताना मीच हा विषय मोठ्याने काढला होता, तेव्हापासून या बाबतीत मी गावची अधिकृत चौकशी खिडकी झालेय. एक म्हाताऱ्या आक्का तर सरळच म्हणाल्या, "माय, खोकला उना का लुगडं वलं व्हई जास, तुन्हं ते काय शे ते माले बी सांग." म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

उत्तर असं की अंगावर असते तोवर बऱ्याच जणींचं गळणं कमी होतं, काहींचं अजिबात होत नाही, आणि काढली की जैसे थे. तिने खालचे स्नायू मजबूत वगैरे होत नाहीत, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

पण त्याआधी तुमचं गळणं कोणत्या जातीचं आहे ते बघा. खोकताना, शिंकताना, हसताना, हंडा उचलताना, उडी मारताना थेंब जात असतील तर ही चड्डी तुमच्यासाठी आहे. अचानक जोराची लागते आणि मोरीपर्यंत पोचेपर्यंत सुटते, हा प्रकार वेगळा, तिथे मूत्राशयच अवेळी आवळतं, त्याला बाहेरून कितीही आधार द्या, फरक पडायचा नाही. काही जणींना दोन्ही असतं, मग अर्धंच काम होतं आणि त्या म्हणतात पैसे वाया गेले.

होतं काय, तर खोकलं की पोटात एकदम दाब वाढतो आणि तो मूत्राशयावर येतो. त्याच वेळी लघवीची नळी पण दाबली जायला हवी, आणि ती दाबली जाते कारण तिच्याखाली स्नायूंचा आणि पडद्यांचा घट्ट थर असतो. जॉन डिलान्सी नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९९४ मध्ये हे नीट मांडलं. माझ्या जळगावच्या फिजिओने मला ते आपल्या भाषेत सांगितलं, केळीच्या बागेतली पाण्याची नळी पायाने दाबा, खाली फरशी असेल तर पाणी बंद, खाली चिखल असेल तर नळी रुतत जाते आणि पाणी चालूच. बाळंतपणं, वय, वजन, जुनाट खोकला, बद्धकोष्ठात कुंथणं, रोजचं ओझं, या सगळ्याने तो थर ढिला पडतो. ऑपरेशनमध्ये नळीखाली जी बारीक पट्टी टाकतात, १९९० च्या दशकात स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी आणलेली, ती तिथेच आधार देते. योनीत बसवायची सिलिकॉनची रिंग, पेसरी म्हणतात तिला, ती पण आतून तेच करते. आणि आपली चड्डी तेच काम बाहेरून करू बघते, म्हणजे मध्ये कातडी आली, मांस आलं, त्यामुळे जोर पसरट होतो, नेमका नळीखाली पोचत नाही. म्हणून थेंब थेंब जाणाऱ्या बाईला फरक कळतो आणि कपडे बदलावे लागतात एवढं जाणाऱ्या बाईला तो पुरत नाही. या कपड्यांवर मोठ्या चाचण्याही फारशा झालेल्या नाहीत, त्यामुळे कोणी छातीठोक टक्केवारी सांगायला लागलं तर जरा जपून.

आता सगळ्यात मोठा घोळ. मेडिकलवाल्याकडे जाऊन "आधाराचा पट्टा द्या" म्हटलं की तो बाळंतिणीचा पोटाचा पट्टा काढून देतो. अहो, तो पोटाला! तो कचकचून आवळला की आतला दाब जाणार कुठे, खालीच ना, गळणं कमी व्हायचं सोडून वाढायचीच शक्यता. आपल्याला हवा तो आधार दोन मांड्यांच्या मध्ये, खालून वर उचलणारा. माझी चड्डी सायकलिंगच्या शॉर्टसारखी आहे, आसनाच्या भागाला दुहेरी जाड कापड, आणि पुढून कमरेपासून निघून खालून मागे जाणारे दोन रुंद इलॅस्टिकचे पट्टे, ते आसनापाशी एकमेकांवर येतात. उभं राहून ओढली की पट्टे नुसते मांडीवरच ताणतात, म्हणून आडवं पडायचं, कंबर थोडी उचलायची आणि मग वर घ्यायची. नीट बसली असेल तर कोणीतरी खालून तळहात लावलाय असं वाटतं आणि पोट मोकळं राहतं. पोट आवळलं जातंय आणि खाली काहीच कळत नाही, तर साइज चुकली किंवा माल चुकला. आमच्याकडच्या एका टेलरताईंनी शिवून बघितली, बिचारीने मनापासून केलं, पण बारीक इलॅस्टिक लावलं, ते मांडीत रुतून लाल वळ उठले.

दुसरी एक आक्का म्हणाल्या की नऊवारीचा काष्टा घट्ट घातला की असल्या चड्ड्यांची गरजच नाही. असेल बाई, पण त्यांच्यासमोर मिरचीची फोडणी देऊन बघायला पाहिजे.

आपल्याकडचा खरा प्रश्न उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो आणि त्यात ही जाड दुहेरी चड्डी दिवसभर म्हणजे जांघेत घाम, घामोळं, मग खाज. मी तेव्हा सकाळचे काही तासच घालते. धुणं हा अजून एक विषय. बायका ती दोरीवर परकराखाली लपवून वाळत घालतात, ती आतून ओलसरच राहते, वास येतो, आणि तीच दुसऱ्या दिवशी अंगात. उघडी वाळवा हो, कोणी काही विचारत नाही, फक्त गच्चीवरच्या दुपारच्या उन्हात नको, सावलीत वाऱ्याला टाका, कडक उन्हात इलॅस्टिक लवकर ढिलं पडतं, आणि ढिलं इलॅस्टिक म्हणजे साधी महागडी चड्डी.

पॅड हा आधार नाही, ते फक्त टिपून घेतं. वापरायचंच तर लघवीसाठीचं वेगळं मिळतं ते घ्या, पाळीचं पॅड एकदम आलेली पातळ धार नीट शोषत नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात लघवीच्या तोंडावर बाहेरून चिकटवायच्या छोट्या टोप्या आणि फोमचे तुकडे पण निघाले होते, बाजारात टिकले नाहीत. मला तर वाचूनच कसंतरी झालं.

आणि कृपा करून पाणी तोडू नका. आमच्या शाळेतल्या निम्म्या बाया घोटभर पाण्यावर दिवस काढतात, त्याने लघवी तीव्र होऊन मूत्राशय अजून चिडतं, बद्धकोष्ठ होतं, कुंथावं लागतं, म्हणजे फिरून तोच दाब खाली.

व्यायामाचं म्हणाल तर तो पहिला, चड्डी नंतर. अरनॉल्ड केगल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये सांगितलेला. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवल्यासारखं खालून आत-वर ओढायचं, पोट आणि कुल्ले न आवळता, श्वास न रोखता. ब्रिटनची सरकारी शिफारस किमान ३ महिने, दिवसातून ३ वेळा, दर वेळी निदान ८ वेळा आवळायचं, आणि तेही शिकवणाऱ्याच्या देखरेखीत, कारण पुष्कळ जणी उलट खाली ढकलतात आणि त्यांना कळतही नाही. खोकला येतोय असं वाटलं की खोकायच्या आधीच आवळून धरायचं, ही युक्ती १९९८ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात सौम्य त्रास असलेल्या वयस्क बायकांना शिकवली तर आठवड्याभरात खोकल्यावरचं गळणं बरंच कमी झालं. फुकटची गोष्ट आहे. पण जिला उद्या सकाळी कापूस वेचायला वाकायचंय, गाठोडं डोक्यावर घ्यायचंय, तिला "३ महिने व्यायाम कर" एवढंच सांगून वाटेला लावणं मला पटत नाही. तिने व्यायाम करावा आणि त्या ३ महिन्यांत शेतात जाताना चड्डी घालावी, यात काय बिघडलं?

एका गोष्टीचा मात्र राग येतो. लघवी गळते म्हटल्यावर "गर्भाची पिशवी काढून टाका" असं बायकांना सांगितलं जातं आणि त्या काढूनही येतात. या गळण्यावर पिशवी काढणं हा उपाय नाही. अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल, लघवीत रक्त असेल, जळजळ, ताप, किंवा लघवी पूर्ण होतच नसेल तर चड्डीबिड्डी बाजूला ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आणि पिशवीचा विषय निघाला तर कशासाठी ते विचारा.

मी स्वतः ती रोज घालत नाही. शाळेच्या क्रीडास्पर्धा असतात तेव्हा, धुळ्याला एसटीने जायचं असतं तेव्हा, आणि हिवाळ्यात मळ्यातल्या भरीत पार्टीला, कारण तिथे माझी नणंद असते आणि ती हसवून हसवून मारते. घरी असले की नाही.

आणि साइज विचारणाऱ्यांनो, कमरेचं माप देऊ नका, कुल्ल्यांच्या सगळ्यात रुंद भागाचं घ्या, टेपने, साडीवरून नाही, परकरावरूनही नाही, आणि दोन साइजच्या मध्ये अडकलात तर मोठी मागवा, बदलून मिळते का ते आधी बघून.